गाणी कोणाच्या नावावर?

आमच्या माडीवरच्या खोलीत किल्लीचा एक जुना ग्रामोफोन आहे. किल्ली अजून फिरते, तबकडीही फिरते. सुया मात्र आता सहजी मिळत नाहीत, म्हणून गेली कित्येक वर्षे तो बिचारा मुका होऊन बसला आहे. लहानपणी त्यातून निघणाऱ्या नाट्यपदांइतकेच आम्हांला तबकडीवरच्या चित्राचे आकर्षण असे. कर्ण्यासमोर मान तिरपी करून धन्याचा आवाज ऐकणारा तो कुत्रा! आमच्या वयाच्या वाचकांना त्याची ओळख करून द्यावयास नको. आमची समजूत अशी की, हा कुत्रा आपल्याकडचा. फार तर विलायतेचा.

गेल्या पावसाळ्यात ही समजूत मोडली. बेळगावचा पाऊस एकदा बसला की आठ-आठ दिवस सूर्यदर्शन नाही. अशा एका संध्याकाळी नातू मोबाइल घेऊन आमच्याजवळ येऊन बसला आणि म्हणाला, "आजोबा, तुमच्या वेळचं काहीतरी ऐका." वस्तुतः ते आमच्याही आधीचे होते. तबकडीची खरखर, गिटारीचे दोन-चार ठोके आणि मग एका बाईचा आवाज. त्यात आर्जव नव्हते की नखरा नव्हता. कोणी ऐकत आहे याचीही जणू त्या बाईला फिकीर नव्हती. पडद्यावर तबकडीचे चित्र होते, आणि त्यावर मान तिरपी करून तोच कुत्रा बसला होता.

नातवाने शब्दांचा अर्थ सांगितला. बिनलग्नाची मुलगी नटूनथटून हवे तेथे जाते. लग्न झालेलीच्या मांडीवर मूल असते. एवढाच मजकूर. पण तो ऐकताना आम्हांला एकदम जात्याची घरघर ऐकू आल्यासारखे झाले, आणि आमच्या घरी दळायला येणाऱ्या आक्काची आठवण झाली. माहेर-सासरचे हेच गाऱ्हाणे याच कोरड्या स्वरात तीही सांगत असे. आक्काविषयी पुढे लिहावयाचे आहेच. आधी या गाण्याची हकीकत सांगितली पाहिजे, कारण त्या एका गाण्यापायी आम्ही सारा पावसाळा वाचनात घालवला.

गाण्याचे नाव 'सिंगल गर्ल, मॅरिड गर्ल'. गाणाऱ्या बाई सारा कार्टर. ध्वनिमुद्रणाची तारीख २ ऑगस्ट १९२७, आणि स्थळ ब्रिस्टल नावाचे गाव. या गावाची मौज अशी की, त्याच्या मुख्य रस्त्याच्या मधोमध दोन राज्यांची सीमा जाते. एका पदपथावर टेनेसी, समोरच्या पदपथावर व्हर्जिनिया. ज्यांची शेते एका राज्यात आणि सोयरे दुसऱ्या राज्यात, अशा आम्हा मंडळींना या गावाबद्दल उगीचच जवळीक वाटली, हे कबूल करतो.

त्या उन्हाळ्यात व्हिक्टर टॉकिंग मशीन कंपनीच्या वतीने राल्फ पीअर नावाचे गृहस्थ ब्रिस्टलमध्ये आले. व्हिक्टर ही न्यू जर्सीतील कॅम्डेन येथील कंपनी. कुत्र्याचे चित्र अमेरिकेत तिच्या तबकड्यांवर असे. पीअर यांनी एका हॅट-हातमोज्यांच्या व्यापाऱ्याच्या इमारतीत, रस्त्याच्या टेनेसीकडील बाजूस, आपले यंत्र मांडले. तोपर्यंत गायकाला कर्ण्यात तोंड घालून ओरडावे लागे. आता विजेवर चालणारा मायक्रोफोन आला होता, आणि त्यामुळे हलक्या, घरगुती आवाजांनाही तबकडीवर जागा मिळणार होती. डोंगराळ भागातील साध्या माणसांची गाणी विकली जातात, हे पीअर यांनी याआधीच ताडले होते. स्थानिक वृत्तपत्रात त्यांनी मोठ्या खुबीने एक बातमी येऊ दिली: अर्नेस्ट स्टोनमन या त्याच भागातील गायकाला आदल्या वर्षी तबकड्यांपोटी ३,६०० डॉलर मिळाले! मग काय विचारता? डोंगरातून बँजो, फिडल आणि गिटारी काखोटीला मारून माणसे येऊ लागली. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या अवधीत तेथे ७६ गाणी ध्वनिमुद्रित झाली. अमेरिकेत आज ज्याला 'कंट्री' संगीत म्हणतात, त्याचा जन्म येथे झाला असे पुष्कळजण मानतात. जन्म म्हणणे आम्हांला तितकेसे रुचत नाही. गाणी जन्मलेली होतीच. येथे त्यांचे बारसे झाले.

आणि बारशात नाव कोणाचे ठेवले गेले, तोच आमचा विषय आहे.

व्हर्जिनियात क्लिंच नावाच्या डोंगराच्या पायथ्याशी एक खोरे आहे. नावच 'पुअर व्हॅली', म्हणजे गरीब खोरे. तेथील ए. पी. कार्टर हे १८९१ साली जन्मलेले गृहस्थ फळझाडांची रोपे विकत गावोगाव फिरत. त्यांच्या हातांना जन्माचा कंप होता. स्वभावाने ते चंचल. गाता गाता मधेच थांबतील, उठून खिडकीपाशी जातील. अशाच एका फेरीत डोंगरापलीकडे एक मुलगी ऑटोहार्प वाजवीत गाताना त्यांना दिसली, असे सांगतात. ऑटोहार्प म्हणजे आपल्या स्वरमंडळाचा चुलतभाऊ समजावा; त्यावर पट्ट्या बसवलेल्या असतात, आणि एक पट्टी दाबली की नको त्या तारा मुक्या होतात. ती मुलगी म्हणजे सारा. १९१५ साली दोघांचे लग्न झाले. पुढे साराची नात्यातील बहीण मेबेल ही ए. पी. यांच्या धाकट्या भावास, एझ्रा यांस दिली. जावा-जावा झालेल्या या दोन बहिणी आणि ए. पी., असे हे 'कार्टर कुटुंब'.

ब्रिस्टल तेथून जेमतेम चाळीस किलोमीटर. पण रस्ता खडकाळ, वाटेत नदी, आणि गाडी एझ्रा यांच्याकडून मागून आणलेली. वाटेत चाक पंक्चर झाले. मेबेल तेव्हा १८ वर्षांच्या आणि दिवस भरत आलेल्या. सप्टेंबरात त्यांना मुलगी झाली. साराचा तान्हा मुलगाही बरोबर होता, आणि त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी. आता पाहा, मांडीवरच्या मुलाचे गाणे गाणाऱ्या बाईचे मूल त्या वेळी दाराबाहेर थोरल्या बहिणीच्या कडेवर होते! साराला ते गाणे मुळीच आवडत नसे. पीअर यांनी आग्रह धरला म्हणून त्यांनी ते म्हटले. ए. पी. यांचा आवाज त्यात नाही. फक्त दोन बायका आहेत. दोन दिवसांत सहा गाणी झाली, आणि प्रत्येक गाण्याचे पन्नास डॉलर हाती पडले.

मेबेल यांच्या गिटारीविषयी थोडे थांबून लिहिले पाहिजे. त्या काळी गिटार हे मागे बसून ताल धरण्याचे वाद्य होते. चाल वाजवण्याचा मान फिडलचा किंवा बँजोचा. मेबेल यांनी अंगठ्याने खर्जाच्या जाड तारांवर चाल वाजवली आणि तर्जनीने पातळ तारांवर वरखाली झटके देऊन ताल धरला. एकाच हाताने दोन कामे. स्वयंपाकघरात एका हाताने पोळी लाटीत दुसऱ्या हाताने पाळण्याची दोरी ओढणाऱ्या बाईला यात नवल वाटणार नाही. पण वाद्यसंगीतात ते नवल होते. पुढे त्यांनी २७५ डॉलरची गिब्सन गिटार घेतली आणि जन्मभर ती वाजवली. अमेरिकेत गिटार हाती घेणारी पोरे आजही १९२८ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'वाइल्डवुड फ्लॉवर'पासून धडे गिरवतात. असे असूनही तबकडीवर 'मेबेल' हे नाव शोधू गेले तर ते कर्त्याच्या जागी सापडत नाही. तेथे असते 'ए. पी. कार्टर'.

याचे कारण पैशाच्या व्यवहारात आहे, आणि तो व्यवहार मोठा चलाख होता. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याप्रमाणे तबकडीवरील प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीस दोन सेंट, ही रक्कम गाण्याच्या मालकाला द्यावी लागे. पीअर यांनी व्हिक्टर कंपनीला सांगितले की, मला पगार नको. मात्र मी ध्वनिमुद्रित करीन त्या गाण्यांचे हक्क माझ्याकडे राहतील. कंपनीला हे स्वस्तातले वाटले. त्या दोन-दोन सेंटांतून पीअर यांची मोठी प्रकाशनसंस्था उभी राहिली. पण ही युक्ती चालायला गाणे नवे पाहिजे. किंवा इतके जुने की त्याच्यावर कोणी हक्क सांगणार नाही, आणि त्यात थोडा फेरफार केला की ते नव्याने नोंदवता येईल. म्हणजे जुन्या गायरान जमिनीला कुंपण घालून उताऱ्यावर आपले नाव चढवण्यासारखेच झाले. पीअर गायकांना सांगत, अशी गाणी घेऊन या. ए. पी. घरची गाणी संपल्यावर ती शोधायला बाहेर पडले.

वर उल्लेखिलेले 'वाइल्डवुड फ्लॉवर'च घ्या. ते मुळात १८६० च्या सुमारास छापले गेलेले, शहरी दिवाणखान्यात पियानोवर म्हणायचे गीत. ते छापील कागदावरून सुटले आणि साठ-सत्तर वर्षे तोंडातोंडी डोंगरांतून फिरले. फिरता फिरता फुलांची नावे बदलली, काही शब्द तर असे झाले की त्यांचा अर्थ कोणालाच लागेना. सारांनी ते त्याच मोडक्या रूपात म्हटले, आणि त्याच मोडक्या रूपात ते अजरामर झाले. 'कीप ऑन द सनी साइड' हे १८९९ चे प्रार्थनागीत. शब्द एडा ब्लेंकहॉर्न या बाईंचे. 'कॅन द सर्कल बी अनब्रोकन' हे १९३५ मध्ये ध्वनिमुद्रित झालेले गाणेही १९०७ च्या एका प्रार्थनागीताचे नवे रूप. मूळ गीतात परलोकाविषयी एक सर्वसाधारण प्रश्न आहे. कार्टर मंडळींनी त्यात आईची अंत्ययात्रा आणली, आणि गाणे काळजात शिरले. हे काम सामान्य नव्हे. ए. पी. यांना चोर म्हणणारे लोक आहेत. आम्ही त्यांत सामील होणार नाही. ते नसते तर यांतली कितीतरी गाणी म्हाताऱ्या माणसांबरोबर मातीत गेली असती. तुटक्या कडव्यांना सांधणे, निरर्थक ओळीला अर्थ देणे, हे त्यांनी मन लावून केले. पण तबकडीवर 'संग्राहक' हा शब्द नव्हता, तोही खरा.

आणि या संग्रहाच्या कामात ते एकटे नव्हते.

लेस्ली रिडल हे नाव आम्ही या पावसाळ्यापूर्वी कधी ऐकले नव्हते. हे १९०५ साली नॉर्थ कॅरोलायनात जन्मलेले, टेनेसीतील किंग्सपोर्ट गावी वाढलेले काळे गिटारवादक. तरुणपणी सिमेंटच्या कारखान्यातील अपघातात त्यांचा एक पाय गेला. पुढे बंदुकीच्या अपघातात हाताची दोन बोटे गेली. उरलेल्या बोटांनी त्यांनी गिटार वाजवण्याची आपली रीत बसवली. १९२८ च्या सुमारास ए. पी. यांची त्यांच्याशी गाठ पडली. त्यानंतर काही वर्षे हे दोघे, एक उंच, कापऱ्या हातांचा गोरा माणूस आणि एक कुबडीवरचा काळा तरुण, गाण्यांच्या शोधात डोंगर-दऱ्या हिंडले.

कामाची वाटणी अशी होती. ए. पी. यांना शब्द उतरवून घेता येत, पण चाल त्यांच्या डोक्यात टिकत नसे. रिडल यांना चाल एकदा ऐकली की पुरे. टेपरेकॉर्डर त्या काळी नव्हता. ते काम रिडल यांच्या कानांनी केले. एखाद्या खाणकामगाराच्या अंगणात ए. पी. कागद-पेन्सिल घेऊन बसत, आणि रिडल नुसते ऐकत. मग पुअर व्हॅलीत परतल्यावर रिडल ती चाल वाजवून दाखवीत आणि सारा व मेबेल ती उचलीत. काळ्यांच्या वस्तीत आणि त्यांच्या प्रार्थनामंदिरांत ए. पी. यांना कोणी आपले मानले असते, ते रिडल बरोबर होते म्हणूनच. हे सारे ज्या काळात घडले त्या काळी व्हर्जिनियात कायद्यानेच दोघांच्या शाळा निराळ्या होत्या, आगगाडीचे डबे निराळे होते. तबकड्यांच्या कंपन्याही गोऱ्यांच्या आणि काळ्यांच्या गाण्यांच्या याद्या वेगवेगळ्या छापीत. याद्या वेगळ्या, गाणी मात्र एकमेकांच्या घरी जेवणारी. रिडल कार्टरांच्या घरी दिवसचे दिवस राहत. हे त्या काळी लहान धाडस नव्हते, आणि त्याचे श्रेय त्या घराला दिले पाहिजे.

१९३० मध्ये कार्टरांनी ध्वनिमुद्रित केलेले 'द कॅनन बॉल' हे गाणे रिडल यांच्याकडून आलेले. आणखीही आहेत. मेबेल यांची अंगठ्याची पद्धत रिडल यांच्यापासून आली असे काही जण हौसेने लिहितात. ते बरोबर नाही, कारण १९२७ च्या तबकड्यांत, म्हणजे ओळख होण्यापूर्वीच, ती ऐकू येते. उपेक्षिताला न्याय देताना दुसऱ्या उपेक्षिताचे काढून घेऊ नये. मात्र मेबेल यांच्या वादनात पुढे जे ब्लूजचे वळण आले, त्यात रिडल यांचा वाटा होता हे मानण्यास हरकत नाही. एवढे असूनही कार्टर कुटुंबाच्या अडीचशेहून अधिक ध्वनिमुद्रणांपैकी एकातही लेस्ली रिडल वाजवत नाहीत. तबकडीवर नाव नाही, दोन सेंटांतील हिस्सा नाही.

इकडे घरात दुसरेच घडत होते. ए. पी. गाण्यांमागे महिनोन् महिने बाहेर. घरी सारा, तीन मुले, गुरे, शेत, सरपण. ए. पी. यांच्या मामेभावाशी, कॉय बेज यांच्याशी, सारांचे मन जुळले. १९३३ मध्ये सारा घर सोडून गेल्या. पुढे घटस्फोटही झाला. बेज यांच्या घरच्यांनी तर बिऱ्हाडच कॅलिफोर्नियाला हलवले. विशेष हे की, ध्वनिमुद्रण थांबले नाही. संसार मोडलेली ती दोघे एकाच मायक्रोफोनसमोर उभी राहून कुटुंबाची, आईची, घराच्या दाराची गाणी गात राहिली, आणि सारा अमेरिका त्यांना आदर्श कुटुंब समजत राहिली. आम्हांला यात ढोंग दिसत नाही. पोटाचा प्रश्न होता.

१९३८ च्या हिवाळ्यात हे कुटुंब टेक्सासमधील डेल रिओ येथे गेले. पुन्हा सीमेवरचेच गाव! नदीपलीकडे मेक्सिकोच्या हद्दीत एक्स-ई-आर-ए हे प्रचंड शक्तीचे रेडिओ-केंद्र होते. अमेरिकेत पन्नास किलोवॅटवर परवानगी नसताना याची शक्ती पाचशे किलोवॅट. मालक कोण, तर जॉन ब्रिंक्ली नावाचे एक 'डॉक्टर'. बोकडाच्या ग्रंथी माणसाच्या अंगात बसवून तारुण्य परत आणून देण्याचा त्यांचा धंदा. कॅन्ससमध्ये त्यांची सनद काढून घेतल्यावर त्यांनी सीमेपलीकडे मनोरा उभारला. अशा माणसाच्या केंद्रावरून, औषधांच्या जाहिरातींच्या मधून, सारा आणि मेबेल यांचे आवाज अवघ्या अमेरिकेवर पसरले. आर्कान्सामधील एका कापूसवाल्या शेतकऱ्याच्या घरी एक लहान मुलगा ते रात्री कान लावून ऐकत असे. त्याचे नाव जॉनी कॅश. त्याने १९६८ मध्ये मेबेल यांच्या मुलीशी, जून कार्टरशी, लग्न केले.

त्याच केंद्रावरून १९३९ च्या फेब्रुवारीत एके रात्री सारांनी एक विरहगीत कॅलिफोर्नियातील कॉय बेज यांच्यासाठी म्हणून जाहीर केले आणि गायले. ए. पी. त्याच खोलीत होते, असे सांगतात. गाणे पोहोचले. बेज टेक्सासला आले आणि त्याच महिन्यात दोघांचे लग्न झाले. १९४३ नंतर मूळ कार्टर कुटुंब एकत्र गायले नाही. ए. पी. यांनी खोऱ्यात एक किराणा दुकान टाकले आणि १९६० मध्ये ते वारले. मेबेल मुलींना घेऊन गात राहिल्या. मधल्या पडत्या काळात ज्यांना सारे 'मदर मेबेल' म्हणत, त्या बाई रात्रपाळीला रुग्णांची शुश्रूषा करीत. मग तरुणांना लोकगीतांचे वेड लागले. जोन बाएझ यांनी १९६० च्या आपल्या पहिल्याच तबकडीत 'वाइल्डवुड फ्लॉवर' घेतले. वुडी गथ्री यांनी तर त्याआधीच, १९४० मध्ये लिहिलेल्या 'धिस लँड इज युवर लँड'साठी कार्टरांच्या १९३० मधील एका गाण्याशी अगदी जुळणारी चाल वापरली होती. आणि ती कार्टरांनी एका जुन्या प्रार्थनागीतावरून घेतलेली. १९७० मध्ये कंट्री संगीताच्या मानकऱ्यांत कार्टर कुटुंबाची गणना झाली. १९७२ मध्ये लांब केसांच्या एका तरुण वाद्यवृंदाने मेबेल यांना आदराने बोलावून त्यांच्यासह तीन तबकड्यांचा संच काढला, आणि संचाला नाव दिले त्या जुन्या गाण्याचे. मेबेल १९७८ मध्ये गेल्या, सारा १९७९ च्या जानेवारीत. ए. पी. आणि सारा यांची थडगी खोऱ्यातील एकाच दफनभूमीत आहेत.

रिडल १९४२ मध्ये न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टरला निघून गेले होते. गिटारही त्यांनी सोडली होती. कार्टरांच्या गाण्यांचे अभ्यासक माइक सीगर यांना मेबेल यांच्याकडून हे नाव कळले. तेव्हा कोठे, १९६० नंतरच्या दशकात, कोणी त्यांच्या दारी गेले. सीगर यांनी त्यांना पुन्हा गिटार हाती घ्यायला लावले आणि ती गाणी त्यांच्या आवाजात उतरवून घेतली. रिडल १९७९ मध्येच वारले. त्यांच्या स्वतःच्या नावाने ती गाणी बाहेर आली ती १९९३ मध्ये.

हे वाचून झाले त्या रात्री आम्हांला झोप आली नाही, आणि त्याला कारण रिडल नव्हते.

१९७२ साली आमच्या घरी बहिणीचे लग्न निघाले. पिठाची गिरणी तेव्हा गल्लीच्या तोंडाशीच होती. तरी लग्नाची हळद घरच्या जात्यावर दळायची असा आईचा दंडक. दळायला आक्का आली. जवळच्याच खेड्यातली, वयाने साठीची. ती दोन दिवस दळत होती आणि दोन दिवस ओव्या म्हणत होती. आम्ही तेव्हा कॉलेज संपवून लेखक होण्याच्या खटपटीत होतो. वही घेऊन जात्यापाशी बसलो आणि चाळीसेक ओव्या उतरवून घेतल्या. कोठे शब्द कळला नाही तर अदमासाने लिहिला. विचारावयास गेलो तर जाते थांबे, आणि जाते थांबले की तिला ओवी आठवत नसे. पुढच्या वर्षी त्यांतल्या पंचवीस ओव्या एका नियतकालिकाच्या विशेषांकात छापून आल्या. वर आमचे नाव मोठ्या टाइपात. प्रस्तावनेत आम्ही 'एका अशिक्षित वृद्धेच्या मुखातून' असे लिहिले होते. पंधरा रुपयांची मनिऑर्डर आली. आक्काला आईने चोळीचा खण दिला होता, तो दळणाचा. ओव्यांचा हिशोब कोणाच्या मनातही आला नाही.

मधल्या काळात पुण्याकडच्या गी पॉइतवाँ आणि हेमा राइरकर यांनी महाराष्ट्रातील खेडोपाडी जाऊन जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, आणि ओवीसोबत ती गाणाऱ्या बाईचे नाव व गाव लिहून ठेवले. ते काम आम्ही कौतुकाने वाचले होते. वाचताना आपली वही मात्र आठवली नव्हती.

दिवाळी झाल्यावर वही घेऊन आम्ही आक्काच्या गावी गेलो. आक्का जाऊन चाळीस वर्षे झाली. तिची नात भेटली. ती तेथील अंगणवाडीत काम करते. आम्ही येण्याचे कारण सांगितले, आक्काचे पूर्ण नाव विचारले. तिने ते सांगितले, आणि आम्ही तिच्यादेखत वहीच्या पहिल्या पानावर, आमच्या नावावर रेघ मारून, ते लिहिले. मासिकात छापू का, असे विचारले. घरातल्यांशी बोलून ती म्हणाली, "नको, काका. आक्काच लिहा. सगळी गल्ली तेच म्हणायची." म्हणून येथे तेवढेच लिहिले आहे.

चहा होईपर्यंत ती वही चाळत होती. एका पानावर थांबली, पुन्हा वाचले, मग ओठांतल्या ओठांत ती ओवी गुणगुणली आणि मान हलवली. "काका, हे असं न्हवं. आज्जी असं म्हणत न्हवती." आणखी दोन पाने उलटली. "हेबी चुकलंय." मग तिने पेन मागितला.